कॅम्पर व्हॅनचं इंजिन तापतंय? आधी ते कधी तापतं ते पाहा

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला की बरेच जण थेट थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नाहीतर रेडिएटर बदलून घेतात. पैसे जातात आणि पुढच्या चढावर काटा पुन्हा तिथेच येतो. इंजिन उभ्या गाडीत तापतं, चढावर तापतं की सुरू केल्यावर लगेच तापतं, एवढं नीट पाहिलं तरी बिघाड कुठे असेल ते बरंचसं कळतं. म्हणून या पत्रकात आम्ही लक्षणांपासून सुरुवात केली आहे.

काटा चढताना दिसला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. केबिनमधला हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची बरीच उष्णता तो बाहेर काढतो. चढावर असाल तर खालचा गिअर टाका आणि अॅक्सिलरेटर हलका ठेवा. बहुतेक इंजिनांत पाण्याचा पंप बेल्टवर किंवा टायमिंगच्या बेल्ट-चेनवर चालतो, त्यामुळे इंजिनाचे फेरे वाढले की पाणीही जोरात फिरतं. दोन-तीन मिनिटांत काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबा. काटा लाल पट्ट्यात गेला असेल किंवा वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद करा.

रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावू नका (कूलंट म्हणजे पाण्यात मिसळायचं, इंजिन गार ठेवणारं द्रव). सिस्टीम साधारण १ बार दाबाखाली असते आणि त्या दाबामुळेच आतलं पाणी १२० अंश सेल्सियसच्या आसपासही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो, पाणी त्याच क्षणी उकळतं आणि कारंज्यासारखं अंगावर येतं. इंजिन सीटच्या मध्ये असलेल्या व्हॅनमध्ये आतलं कव्हरही उचलू नका. निदान पाऊण तास थांबा. वरचा होज हातात आरामात धरता आला तरच जाड फडकं घालून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड (इंजिनाचा वरचा धातूचा भाग) तडकतं.

कॅम्परचं वेगळेपण

मूळ व्हॅन रिकामी असताना जेवढी उष्णता तयार होते, त्यापेक्षा फर्निचर, पाण्याच्या टाक्या आणि उंच छत ओढताना बरीच जास्त होते. समोर लावलेलं सुटं चाक, जादा दिवे किंवा किड्यांची बारीक जाळी रेडिएटरची हवा अडवतात. मागच्या बाजूला दुसरा हीटर किंवा इंजिनाच्या कूलंटवर चालणारा वॉटर हीटर बसवला असेल तर काही मीटर जादा होज आणि तेवढेच जादा जोड येतात. शिवाय हवा अडकायला नवे उंचवटे मिळतात. अशा गाडीत पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा जास्त कूलंट बसतं, हे भरताना लक्षात ठेवा.

उभ्या गाडीत तापतं, चालली की उतरतं

पंखा तपासा. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक पंखा लगेच फिरायला लागतो. फिरला नाही तर क्रमाने फ्यूज, रिले, पंख्याचा प्लग आणि शेवटी मोटर पाहा. एसीवर फिरतो पण पाणी तापल्यावर फिरत नाही, तर मोटर ठीक आहे आणि दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. व्हिस्कस कपलिंगचा (घट्ट तेलाच्या जोडावर इंजिनानेच फिरणारा) पंखा असेल तर गरम इंजिन बंद करून, किल्ली काढून, हाताने फिरवून पाहा. तो हाताला जड लागायला हवा. भोवऱ्यासारखा सैल फिरत राहिला तर कपलिंग गेलं.

मोकळ्या रस्त्यावर किंवा चढावर तापतं

इथे पंख्याचा संबंध फारसा नसतो, कारण वेगात हवा आपोआप मिळते. पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही, यापैकी एक. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली फट. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागे धूळ, किडे, गवताचे तुरे यांचा नमदा बसलेला असतो. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, आणि साध्या नळाच्या दाबानेच. प्रेशर वॉशरने जाळीच्या पातळ पत्र्या आडव्या पडतात आणि रेडिएटर कायमचा अडतो.

आतून चोंदला असेल तर गरम रेडिएटरवर काही पट्टे थंड राहतात. इन्फ्रारेड थर्मामीटरने ते सापडतात, मात्र चकचकीत अॅल्युमिनियमवर त्याचं वाचन कमी येतं. त्या जागी काळी चिकटपट्टी लावून मोजा. खालचा होजही पाहा. आतून मऊ पडलेला होज इंजिनाचे फेरे वाढवले की पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि गाडी बंद केल्यावर पुन्हा ठीक दिसतो. काही पंपांचं प्लास्टिकचं इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) शाफ्टवर सैल होऊन फिरायचं थांबतं, बाहेरून काहीच कळत नाही.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत तापतं

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा आत हवा आहे. वरचा होज कडक गरम आणि रेडिएटरचा खालचा भाग गार, हे अडकलेल्या थर्मोस्टॅटचं लक्षण. काढलेला थर्मोस्टॅट पाण्यात दोरीने लटकवून तापवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास (बऱ्याच इंजिनांत ८२ ते ८८ अंश) उघडायला लागून पुढच्या दहा-बारा अंशांत तो पूर्ण उघडला पाहिजे.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला मानू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची दुसरी चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. तो काढला की पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता बायपासमधून इंजिनातच फिरतो, आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

काटा वरखाली होतो, हीटर मध्येच गार वारा देतो

पाणी कमी आहे किंवा हवा अडकली आहे. इथे एक धोका: सेन्सर हवेत उघडा पडला तर काटा खाली येतो आणि सगळं ठीक वाटतं, पण इंजिन तापतच असतं. काटा अचानक पडला तर आनंद मानू नका, थांबा.

हवा काढताना गाडीचं भरण्याचं तोंड सगळ्यात उंच येईल अशी उभी करा. पुढचा आणि मागचा, दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवा, मागच्या लाइनचे व्हॉल्व्ह उघडा. हवा काढण्याचे स्क्रू असतील तर ते सैल करून, सलग धार येईपर्यंत सावकाश भरा आणि मग घट्ट करा. इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांवर चालवत होज दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवा. पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहा.

पाणी कमी होतं, गळती दिसत नाही

आधी झाकणाचं रबर आणि पंपाखालचं छोटं छिद्र पाहा, तिथे रंगीत ओघळ म्हणजे पंपाचं सील गेलं. पायाखालचा गालिचा ओला आणि काचेवर चिकट धुकं, तर हीटर गळतो. वॉटर हीटरच्या आतली नळी फुटली तर वापराच्या पाण्यात कूलंट मिसळू शकतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल गोडसर पण विषारी असतं, तेव्हा शंका आली तरी ते पाणी पिऊ नका, प्राण्यांना देऊ नका. उलटही घडतं: इंजिन गार असताना वापराच्या पाण्याचा पंप लावल्यावर कूलंटच्या टाकीची पातळी वाढली, तर दोष तिथेच आहे.

गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत होज टणक होणं, टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोड वासाची पांढरी वाफ: ही हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेल्याची लक्षणं. अशी गाडी चालवू नका. गळती बुजवणारी पावडर टाकू नका, ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

कूलंट

निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा नव्हे, ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. १० लिटरच्या सिस्टीममध्ये कूलंट ३० टक्के भरलं, तर साधारण २.९ लिटर मिश्रण काढून तेवढंच शुद्ध कूलंट घाला, म्हणजे ५० टक्के होईल. रंगावरून प्रकार ठरवू नका, रंगाचा ठरलेला नियम नाही. भिन्न प्रकार मिसळले तर गंजरोधक लवकर संपतात, कधी गाळही धरतो. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या कॅम्परमध्ये मोजायचे ते किलोमीटर नव्हेत, वर्षं मोजा.

गाडी आमच्याकडे आणण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: काटा कोणत्या वेगाला आणि गिअरमध्ये चढला, बाहेर ऊन किती होतं, एसी चालू होता का, आणि किती किलोमीटरमागे किती पाणी घालावं लागलं. आणण्याच्या दिवशी पाणी भरू नका, पातळी आहे तशीच आम्हाला पाहायची असते. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, कारण दाबाची चाचणी पूर्ण गार इंजिनावर सुरू करावी लागते.