गिटारची घरघर आणि दुसरी कॉइल

इलेक्ट्रिक गिटार घरघरते? आतल्या खाचेत तांब्याची पट्टी चिकटवा! हा सल्ला गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी दिलेलाच असतो. फरक पडतोही, पण अर्धाच. तारांना हात लावल्यावर कमी होणारी चरचर विद्युत क्षेत्रातून येते, ती तांबं अडवतं. ट्रान्सफॉर्मरजवळ बसल्यावर येणारा खर्जातला ‘घूं’ मात्र चुंबकीय क्षेत्राचा. ५० हर्ट्झच्या क्षेत्राचा जोर तांब्यात जेमतेम एक-तृतीयांशावर यायला ९ मिलिमीटर जाडी लागते. पट्टी तर कागदासारखी पातळ.

मुळात दोष पिकअपच्या, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाच्या, स्वभावातच आहे. फेंडर कंपनीच्या १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारचा सिंगल कॉइल पिकअप म्हणजे सहा दंडचुंबक आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे आठेक हजार वेढे. चुंबक वरच्या पोलादी तारेलाही चुंबक बनवतो. तार थरथरली की वेढ्यांमधला चुंबकीय प्रवाह बदलतो आणि फॅरेडेच्या नियमाने वीज निर्माण होते. भिंतीतल्या वायरिंगचं क्षेत्रही त्याच वेढ्यांतून जातं. कॉइलला दोन्ही सारखेच.

गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो यावरच्या उपायासाठी, आणि मला तो कितीही वेळा समजावून सांगायला आवडतो. शेजारी शेजारी दोन कॉइल घ्यायच्या. दुसरीचे वेढे उलट्या दिशेने. बाहेरून आलेली घरघर एकीत अधिक, दुसरीत उणे, बेरीज शून्य. पण मग सूरही मरेल की! म्हणून दुसरीतले चुंबकीय ध्रुवही उलटे ठेवायचे. सूर तारेच्या चुंबकत्वातून येतो, त्यामुळे तो दोनदा उलटतो आणि पुन्हा सुलट होतो. घरघरीला चुंबकाच्या ध्रुवांशी देणंघेणंच नसतं, ती एकदाच उलटते. सूर दुप्पट, घरघर गायब. हाच हमबकर.

किंमत मोजावी लागतेच. दोन कॉइल तारेला दोन ठिकाणी ऐकतात, त्यामुळे वरचे काही स्वरांश एकमेकांना खातात. शिवाय प्रवर्तकता (बदलत्या विजेला कॉइलचा विरोध) वाढते. सिंगल कॉइलची साधारण २.३ हेन्री धरा, त्यात केबल धरून ६०० पिकोफॅरडची धारकता (विजेचा भार साठवण्याची क्षमता): अनुस्पंदन, म्हणजे पिकअप सगळ्यांत जोरात बोलतो ती कंप्रता, ४,३०० हर्ट्झच्या आसपास येतं. हमबकरची ४.४ हेन्री घेतली तर ते ३,१०० वर उतरतं. स्ट्रॅटची चमक त्या वरच्या पट्ट्यातच असते.

आता स्ट्रॅटच्या अरुंद खाचेत बसणारे ‘नॉइजलेस’ पिकअप. सेमोर डंकनच्या हॉट रेल्ससारखे दोन पात्यांचे पिकअप म्हणजे दाटीवाटीने बसवलेला हमबकर. आवाज जाडजूड, पण स्ट्रॅटचा नाही. स्टॅकमध्ये कॉइल एकावर एक असतात. चुंबक दोघींना सामाईक, म्हणजे सूर दोनदा उलटायची सोय गेली! खालची कॉइल जेवढा सूर ऐकेल तेवढा तो वजा होणार. म्हणून तिला शक्य तितकं बहिरं ठेवायचं: तारांपासून लांब, काही बनावटींत मध्ये पोलादी पत्रा घालून. तिच्या तारेचा जादा रोध अनुस्पंदनाचं टोक बोथट करतो ते वेगळंच. काही स्टॅक ‘मेलेले’ वाटतात ते यामुळे.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत चोख वाटते. तीन तारांना एक कॉइल, उरलेल्या तीनांना दुसरी, उलटी. प्रत्येक तार एकाच जागी ऐकली जाते. फेंडरच्या चार तारांच्या प्रिसिजन बास गिटारमध्ये १९५७ पासून हीच युक्ती आहे, दोन-दोन तारांना एकेक कॉइल. मधली तार बेंड करताना, म्हणजे बोटाने बाजूला ताणताना, सांध्यावर आवाज जरा दबू शकतो, इतकंच. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे ईएमजी कंपनीच्या पिकअपसारखे पिकअप शांत असतात, पण तो वेगळाच सूर.

विकणारे कॉइलच्या रोधाचा किलोओहममधला आकडा ताकद म्हणून सांगतात. वेढ्यांची तार आणखी बारीक घेतली तरी तो आकडा वाढतो. ‘जुन्या चुंबकात मुरलेला सूर’ हा तर लिंबू-मिरचीचाच भाऊ.

पैसे घालण्याआधी एक स्वस्त तपासणी करा. स्ट्रॅटच्या तिन्ही पिकअपवर आळीपाळीने होकायंत्र धरा. मधल्यावर सुईचं उलटं टोक ओढलं गेलं, तर त्याचे वेढेही बहुधा उलटे असतात, आणि स्विचच्या २ व ४ क्रमांकावर (जिथे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र वाजतात) तुमचा स्ट्रॅट आधीच नॉइजलेस आहे.