चकतीची जाडी आणि टायरवरचे आकडे

रविवारी सकाळी भाचा आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन जड चकत्या त्यानं इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर ठेवल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या, मध्ये मोठं भोक, भोवती चार लहान भोकं आणि चार स्टड, म्हणजे नट आवळायचे आट्यांचे दांडे, जाडी २० मिलीमीटर. सोबत एक चिठ्ठी, तिच्यावर टायरचे दोन आकार लिहिलेले.

"मावशी, गाडी मस्त खाली बसलीय, पण चाकं आत दबल्यासारखी वाटतात. हे स्पेसर चाकांच्या मागे टाकले की बाहेर येतील. टायरही रुंद घेतो, म्हणजे पकड वाढेल. बरोबर ना?"

त्याची मारुती ईको व्हॅन जुनी आहे. आधीच्या मालकानं ती ४० मिलीमीटर खाली बसवलेली. भाचा घरातल्या सगळ्यांना घेऊन जाम घाटातून महेश्वरला जातो, त्यामुळे माझ्या लेखी हा शोभेचा प्रश्न नव्हताच. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला त्या चकतीत आधी दिसली ती तरफ. पण मी सुरुवात चिठ्ठीपासून केली.

त्याच्या गाडीचा मूळ टायर १५५ आर १३ एलटी. १५५ म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, आर म्हणजे रेडियल बांधणी, १३ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, आणि एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा, जाड बांध्याचा टायर. टायरची कड रुंदीच्या किती टक्के उंच आहे हा आकडा इथे गाळलेला आहे. तो नसला की जुन्या रिवाजानं ८०-८२ टक्के धरतात. ८० धरलं तर कड १२४ मिलीमीटर, रिम ३३०, म्हणजे टायरचा पूर्ण व्यास ५७८ मिलीमीटर.

चिठ्ठीतला पहिला आकार १७५/५० आर १३. कड फक्त साडेसत्त्याऐंशी मिलीमीटर, पूर्ण व्यास ५०५. मूळच्यापेक्षा जवळपास १३ टक्के कमी. गाडीचा काटा प्रत्यक्ष वेग मोजत नाही, तो चाकाकडे जाणारा दांडा किती फिरतो ते मोजतो. म्हणून काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ७० नं धावत असेल, इंजिन मात्र ८० च्या वेगाइतकं ओरडत असेल, आणि किलोमीटरही फुकटचे वाढतील. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असं जाणकार सांगतात ते यासाठी.

यापेक्षाही मोठी गोष्ट वजनाची. टायरच्या कडेवर आकारानंतर एक छोटा आकडा आणि अक्षर असतं, त्याच्याकडे दुकानात कुणी बघत नाही. तो भारांक. ७२ म्हणजे एका टायरला ३५५ किलो, ७९ म्हणजे ४३७, ८० म्हणजे ४५०, ९० म्हणजे ६०० किलो. अक्षर वेगमर्यादेचं: क्यू म्हणजे ताशी १६०, टी म्हणजे १९० किलोमीटर. माणसं आणि सामान भरलेली ही व्हॅन दीड टनाच्या घरात जाते. त्यातलं ५५ टक्के मागच्या चाकांवर आलं असं धरलं, तर मागच्या एकेका टायरवर ४१२ किलो. वजन रबर उचलत नाही, आत कोंडलेली हवा उचलते. बुटक्या टायरमध्ये हवा कमी, म्हणून त्याचा भारांकही कमी. १७५/५० चा टायर साधारण ७२ भारांकाचा मिळतो, म्हणजे ३५५ किलो. ती ओळ मी पेनानं खोडली.

दुसरा आकार होता १८५/६० आर १३. व्यास ५५२, भारांक ८०. वजनाला कसाबसा पुरतो, पण खड्डा, ब्रेक आणि घाटातलं वळण यांच्यासाठी जी शिल्लक हवी ती फारच थोडी उरते. शिवाय रुंदी ३० मिलीमीटरनं वाढते. रिमची जागा तीच राहिली तर त्यातले १५ आत शॉकअपकडे सरकतात आणि १५ बाहेर मडगार्डकडे. आत घासतो म्हणून स्पेसर टाकायचा, मग बाहेर घासतो म्हणून मडगार्डची कड ठोकून वळवायची. अशा दुरुस्तीच्या दुरुस्त्या मी रस्त्यावर बऱ्याच गाड्यांत बघते आणि मला त्यांची काळजी वाटते.

आता चकतीकडे. चाक गाडीला चार स्टडनी टांगलेलं असतं असा बहुतेकांचा समज आहे. तसं नसतं. नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो, रबरबँडसारखा, आणि त्या ताणानं रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या गाभ्यावर, दाबून धरतो. गाडीचं वजन पेलतं ते त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. १२ मिलीमीटरचा स्टड १०० न्यूटन-मीटरनं आवळला तर साधारण चार टनांचा दाब मिळतो. चार स्टडचा मिळून सोळा-सतरा टन. घर्षण त्याच्या १५ टक्के धरलं तरी अडीच टन, म्हणजे त्या चाकावरच्या ओझ्याच्या कितीतरी पट.

हे सगळं ज्या ताणावर उभं आहे तो केवढा? मी ओट्यावर बसूनच हिशेब केला. स्टडचा ताणला जाणारा भाग २५ मिलीमीटर धरला तर तो जेमतेम ०.०६ मिलीमीटर लांबतो. डोक्याच्या केसाच्या जाडीइतका. आता हबवर गंज असेल, चकतीला जाड रंग असेल, किंवा मधे मातीचा पापुद्रा अडकला असेल, आणि गाडी चालता चालता तो थर ०.०५ मिलीमीटरनं चेपला, तर जवळजवळ सगळा ताण गेला. नट जागच्या जागी असतो, दिसायला घट्ट असतो, पण दाब उरलेला नसतो. मग रिम सूतभर हलायला लागतो, आणि जे ओझं घर्षणानं पेलायचं ते स्टडवर येतं. स्टड त्यासाठी केलेलेच नाहीत. रोजच्या वाकण्यानं ते थकतात आणि एक दिवस तुटतात. स्पेसर घातला की असा पृष्ठभाग एकाऐवजी दोन होतात.

आट्यांचा हिशेबही निर्दय आहे. दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलीमीटर असेल, तर मूळ स्टडवर नुसती सरकवलेली १० मिलीमीटरची चकती नटाचे आठ फेरे खाऊन टाकते. नटानं निदान स्टडच्या जाडीइतकं, म्हणजे साडेनऊ फेरे पकडायला हवं. भाच्याच्या चकत्या त्या मानानं बऱ्या होत्या: त्या आधी हबला आवळायच्या आणि चाक त्यांच्या स्वतःच्या स्टडवर चढवायचं. पण मधलं मोठं भोक त्याच्या हबपेक्षा ढिलं निघालं. हबच्या उंचवट्यावर चकती नेमकी बसली नाही तर चाकाचं केंद्र थोडं सरकतं, आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी स्टिअरिंग थरथरतं.

आणि तरफ. ४०० किलोचं ओझं २० मिलीमीटर बाहेर सरकलं की हबवर ७८ न्यूटन-मीटर जादा पीळ येतो: एक मीटर लांब पान्याच्या टोकाला आठ किलोची पिशवी कायमची टांगून ठेवल्यासारखा. बेअरिंगला तो दिवसरात्र सोसायचा. पुढच्या चाकांना आणखी एक त्रास आहे. चाक ज्या कल्पित धुरीभोवती वळतं ती जमिनीला एका जागी टेकते, टायरचा मध्य दुसऱ्या जागी. ते अंतर मुळात १० मिलीमीटर असेल तर या चकतीनं ते तिप्पट होतं, आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की हातातलं स्टिअरिंग तेवढ्याच जोरानं हिसडतं.

"पण चाकं बाहेर आली की गाडी वळणावर जास्त स्थिर ना?" भाच्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. वळताना वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं; किती सरकतं ते गुरुत्वमध्याची उंची भागिले दोन चाकांमधलं अंतर यावर ठरतं. उंची ७०० मिलीमीटर आणि अंतर १३०० धरा. दोन्हीकडे २० च्या चकत्या घातल्या तर फायदा तीन टक्के. गाडी ४० मिलीमीटर खाली बसवल्यानं तो सहा टक्क्यांच्या जवळ आधीच मिळालेला आहे.

त्या खाली बसवण्याची किंमत कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवर कळते. इंडियन रोड्स काँग्रेसचा प्रमाणित ब्रेकर १० सेंटीमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. ईकोच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.३५ मीटर अंतर आहे, म्हणजे ब्रेकर गाडीच्या बरोबर मध्यभागी आला तेव्हा चारही चाकं त्याच्यावरच असतात, आणि पोटाखालची जागा फक्त चार सेंटीमीटरनं कमी होते. गल्लीत लोकांनी स्वतः घातलेला अर्ध्या मीटरचा उंचवटा मात्र पूर्ण दहा सेंटीमीटर खातो. पोटाखाली १६ चे १२ झालेले, वर सात माणसं. सायलेन्सर का घासतो ते वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट गॅरेजमध्येही फारशी बोलली जात नाही. बऱ्याच व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. धुरी आणि बॉडी किती जवळ आली यावरून तो गाडी भरलेली की रिकामी हे ओळखतो. गाडी मागून खाली बसवली की रिकामी असतानाही त्याला ती भरलेली वाटते, तो मागे जादा दाब सोडतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. असा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यायलाच हवी. अलाइनमेंटही लगेच करावं, नाहीतर टायर आतल्या कडेनं झिजतात.

आपल्या शहरापासून जवळच, पीथमपूरला, ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग २०२१ साली सुरू झाला. अशा मार्गांवर गाडी तपासतात ती ठरावीक टायर आणि चाकाच्या ठरावीक जागेसह. चाकाची जागा बदलली की ती तपासणी आपल्या गाडीला लागू राहत नाही. कायदाही तेच धरून चालतो: मोटर वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल करू देत नाही. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी लेखी विचार, असं मी त्याला बजावलं.

मग आम्ही मोजमाप केलं. कणकेचे चार घट्ट गोळे मळून पुढच्या दोन्ही चाकांपाशी शॉकअपवर आणि मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटवले. गाडीत पाच जण बसवले, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं, गल्लीतल्या दोन उंचवट्यांवरून हळू नेऊन आणलं. गोळे काढून पट्टीनं मोजले. आतले, शॉकअपवरचे, ११ मिलीमीटर उरले होते. मूळ टायर आत कुठेच घासत नव्हता. बाहेरचे, मडगार्डखालचे, डावीकडे ७ आणि उजवीकडे ६.

भाच्यानं २० मिलीमीटरची चकती त्या चपट्या कणकेशेजारी धरून पाहिली, मग दोन्ही चकत्या पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळल्या.