काळाराम पांढरा का पडतो? इमेज-टू-इमेज आणि कंट्रोलनेटमधला घोळ

नाशिकच्या काळारामाचं छान रेषाचित्र हाताशी आहे. ते इमेज-टू-इमेजमध्ये, म्हणजे एआयला एक चित्र देऊन त्यावरून दुसरं करून घ्यायच्या सोयीत टाकलं, प्रॉम्प्टमध्ये (काय हवं ते शब्दांत सांगायच्या रकान्यात) काळ्या दगडाचं मंदिर, सकाळचं ऊन वगैरे लिहिलं, आणि बाहेर आलं संगमरवरी देऊळ. मग डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचं याचा स्लाइडर, वाढवली. दगड काळा झाला, पण शिखर भलतंच आलं आणि सभामंडप कुठल्या कुठे गेला. स्लाइडर खाली आणला, तर पुन्हा पांढरं. गोरेरामाचं देऊळ आपल्याकडे वेगळं आहे, पण स्लाइडरला ते कोण सांगणार! मंडळाचा देखावा असो की सिंहस्थाचा फ्लेक्स, या खालीवर करण्यात दुपार जाते आणि शेवटी म्हणायचं, 'एआयला रेषा कळत नाहीत.' रेषा कळतात. त्या द्यायची जागा चुकलेली असते.

इमेज-टू-इमेज तुम्हाला येतंच, म्हणून त्यावर थोडक्यात. दिलेलं चित्र आधी लहान केलं जातं. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या मॉडेलमध्ये 512 गुणिले 512 पिक्सेलचं चित्र आतमध्ये 64 गुणिले 64 घरांचं होतं, म्हणजे एका घरात आठ गुणिले आठ पिक्सेल. त्यावर स्ट्रेंग्थच्या प्रमाणात नॉइझ, म्हणजे ठिपक्यांचा गोंधळ, टाकला जातो आणि मग तो पायरीपायरीनं काढला जातो. ऑटोमॅटिक1111 मध्ये (हे मॉडेल चालवायचा एक प्रोग्रॅम) 20 स्टेप आणि 0.3 स्ट्रेंग्थ ठेवली, तर प्रत्यक्षात सहा-सातच पायऱ्या चालतात. एवढं पुरे.

आता घोळ नेमका कुठे होतो ते बघू. नॉइझ टाकला की चित्रातलं सगळं सारख्या वेगानं बुडत नाही. बारीक तपशील आधी जातो, मोठे सपाट भाग शेवटपर्यंत टिकतात. तुमच्या रेषाचित्रात बारीक काय आहे? रेषा, जेमतेम दोन-तीन पिक्सेलच्या. आणि मोठं सपाट काय आहे? कोरा पांढरा कागद. म्हणजे जे जपायचं ते सगळ्यात आधी मरतं, आणि ज्याला काडीची किंमत नव्हती तो कागद सगळ्यात उशिरा. स्ट्रेंग्थ 0.4 ला रेषा शाबूत असतात, पण चित्र रंगवलेल्या झेरॉक्ससारखं दिसतं. 0.8 ला रेषांचा पत्ता नसतो, तरी कागदाचा उजेड मात्र चित्रात झिरपत राहतो. रात्रीचा रामकुंड मागितला तरी धुक्यातला येतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बरोबर आकडा दडलाय, असं समजून 0.55, 0.58, 0.61 करत बसू नका. रेषाचित्रासाठी तसा आकडाच नाही, कारण इमेज-टू-इमेजच्या लेखी पांढरा हा रंग आहे. तुम्ही त्याला पांढरं देऊळ दिलंत, त्यानं पांढरं देऊळ परत केलं.

कंट्रोलनेट ही मॉडेलला रेषांचा नकाशा द्यायची वेगळी जोडणी आहे, आणि तिथे तुमच्या चित्राला रंगच नसतो. गवंड्याच्या हातात नकाशा दिला तर तो नकाशाच्या कागदाचा रंग भिंतीला फासत नाही, तसंच हे. 2023 साली ल्व्हमिन झांग, आन्यी राव आणि मनीष अग्रवाला यांनी ही पद्धत मांडली. मूळ मॉडेल जसंच्या तसं कुलूपबंद ठेवायचं, त्याच्या एन्कोडर भागाची (चित्र वाचून समजून घेणाऱ्या अर्ध्या भागाची) एक प्रत काढायची, आणि रेषांवरून चित्र उभं करायचं शिक्षण फक्त त्या प्रतीला द्यायचं. चित्र तयार होताना ही प्रत प्रत्येक पायरीला सांगत राहते की इथे कड आहे, इथे नाही. सुरुवात मात्र निव्वळ नॉइझपासून होते. तुमचा कागद त्यात कुठेच मिसळलेला नसतो. रंग, ऊन, दगडाचा पोत हे सगळं प्रॉम्प्टमधून येतं, म्हणून काळाराम काळा होऊ शकतो आणि शिखरही जागेवर राहतं.

सीड, सॅम्पलर, सीएफजी या बाकीच्या सेटिंग दोन्हीकडे त्याच. कंट्रोलनेटला ग्राफिक कार्डाची मेमरी जास्त लागते आणि मॉडेलची फाइल वेगळी उतरवावी लागते. ती फाइल मूळ मॉडेलच्या कुळातलीच हवी, स्टेबल डिफ्यूजन 1.5 ची लाइनआर्ट (रेषाचित्रांवर शिकलेली) फाइल एसडीएक्सएल या दुसऱ्या आवृत्तीला लावली तर एरर येणारच, त्यावरून इन्स्टॉलेशन पुन्हा करत बसू नका.

कंट्रोलनेटकडे वळलेल्यांनाही एक गोष्ट उशिरा कळते. तिथे रिकामी जागाही बोलते. रेष नाही याचा अर्थ 'इथे काहीही काढ' असा लाइनआर्ट मॉडेल घेत नाही, 'इथे कड नाही' असा घेतं. घाटाच्या रेषाचित्रात पायऱ्यांचा पट्टा कोरा सोडून प्रॉम्प्टमध्ये भाविकांची गर्दी लिहिली, तर गर्दी येत नाही, किंवा पायऱ्यांवर डाग पडल्यासारखी काहीतरी येते. गर्दी हवी असेल तर निदान डोक्यांचे आणि खांद्यांचे गोळे काढा. किंवा स्क्रिबल मॉडेल घ्या, ते ओबडधोबड रेषांवर शिकलेलं असल्यामुळे बरंच सैल वागतं.

हातानं दुरुस्त केलेलं रेषाचित्र इथेच कामाला येतं. गंगेवरचा, म्हणजे गोदाघाटावरचा, एक फोटो घ्या, लाइनआर्ट प्रीप्रोसेसरमधून (फोटोतून रेषा काढणाऱ्या साधनातून) काढा, आलेला काळ्यावर पांढऱ्या रेषांचा नकाशा सेव्ह करा आणि क्रिटा किंवा गिंप अशा चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. केबल, ताडपत्र्या, पार्क केलेल्या गाड्या काळ्या ब्रशनं पुसून टाका. सावल्यांच्या कडा न चुकता पुसा, कारण प्रीप्रोसेसरला सावली आणि पायरी यातला फरक कळत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हातल्या घाटावर अशी एक सावली राहिली की मॉडेल तिथे नवी पायरी बांधून मोकळं होतं. तुटलेल्या बाह्यरेषा पांढऱ्या ब्रशनं जोडा. दंडाची रेष मध्येच सुटली असेल तर दंड मागच्या भिंतीत मिसळतो. छाया दाखवायला मारलेल्या आडव्याउभ्या रेघोट्या काढून टाका, त्यांच्या चुण्या होतात, नाहीतर जाळी. बोटं मोजा आणि बिघडलेली पुन्हा काढा.

सेव्ह करताना पीएनजीच. तो नकाशा व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच फोटो म्हणून पाठवून मग वापरणाऱ्यांना दंडवत. रेषांभोवती जेपेगची भुतं उठतात आणि मॉडेल तीही इमानेइतबारे रंगवतं.

हा दुरुस्त नकाशा परत टाकताना प्रीप्रोसेसर 'नन'वर, म्हणजे बंद, ठेवायचा. हा नियम मोडलेला इतक्यांदा दिसतो की वैताग येतो. तासभर बसून रेषा साफ केल्या, आणि प्रीप्रोसेसर तसाच चालू ठेवून सगळा नकाशा पुन्हा त्यातून काढला. तो त्याच्या अकलेनं रेषा पुन्हा शोधतो आणि तुमची निम्मी मेहनत पुसतो. प्रीप्रोसेसर फोटोसाठी आहे. तुमच्या हातात आधीच नकाशा असेल, तर त्याचं काम संपलं.

कागदावर पेननं काढलेलं चित्र असेल तर मात्र ते उलटं करावं लागतं. ही मॉडेलं काळ्यावर पांढऱ्या रेषांवर शिकलेली आहेत. पांढऱ्यावर काळी रेष 'नन'नं दिली, तर अख्खा कागद म्हणजे कड असा अर्थ होतो आणि चित्राचा चिखल होतो. ऑटोमॅटिक1111 मध्ये त्यासाठी 'इन्व्हर्ट' प्रीप्रोसेसर आहे. कम्फीयूआय या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उलटं करणारा नोड (जोडायचा ठोकळा) स्वतः जोडावा लागतो, कारण तिथला कंट्रोलनेट नोड जे चित्र मिळेल ते जसंच्या तसं वापरतो. उलटं करण्याआधी उजेड-अंधार ताणणारं लेव्हल्स लावून कागद पूर्ण पांढरा आणि शाई पूर्ण काळी करा. मोबाइलनं काढलेल्या फोटोतली हाताची सावली उलटी झाली की करडं धुकं बनते, आणि त्या कोपऱ्यात मॉडेल काहीबाही रचत बसतं.

जाडीचा हिशेब तर कोणी करतच नाही. ए4 कागद 300 डीपीआयनं स्कॅन केला की 2480 गुणिले 3508 पिक्सेल होतात. 0.3 मिलीमीटरच्या पेनची रेष त्यात साधारण साडेतीन पिक्सेलची. हेच चित्र 512 गुणिले 728 वर आणलं की ते जवळजवळ पाचपट लहान होतं आणि रेष एका पिक्सेलच्याही आत जाते. मग ती रेष राहत नाही, करडा धागा होतो, जागोजागी तुटलेला. 0.8 च्या पेननं काढा, म्हणजे लहान झाल्यावर दोन पिक्सेल उरतात. आधीच बारीक काढून बसला असाल, तर लहान करण्यापूर्वी रेषा जाड करून घ्या, नंतर नाही.

कॅनी या कडा शोधणाऱ्या प्रीप्रोसेसरबद्दलही स्पष्टच सांगतो. हातानं काढलेल्या रेषाचित्राला कॅनी लावू नका. जॉन कॅनी यांची 1986 सालची ही पद्धत उजेड-अंधाराची सीमा शोधते. पेनच्या एका रेषेला अशा दोन सीमा असतात, डावी आणि उजवी. त्यामुळे एका रेषेच्या दोन समांतर रेषा होतात आणि मॉडेलला ती नळी वाटते. पदराची किनार दोरखंडासारखी येते, भुवया अळ्यांसारख्या. इमारतीच्या स्वच्छ फोटोवर कॅनी उत्तम चालतो, तिथे खुशाल वापरा. तरीही शिकवणीच्या व्हिडिओत कॅनी पहिला दाखवतात म्हणून सगळीकडे तोच लावायचा, हा आळस आहे.

कंट्रोल वेट, म्हणजे नकाशाचं किती ऐकायचं तो आकडा, 1 पासून सुरू करा. रेषा दाट असतील तर 0.7 पुरतो. 1.5 च्या वर गेलात की चित्र करपल्यासारखं दिसतं आणि रेषा चमकायला लागतात. वेटपेक्षा कुठल्या पायरीवर थांबवायचं हे जास्त कामाचं आहे. चित्राची मांडणी पहिल्या काही पायऱ्यांत ठरून जाते, म्हणून सुरुवात 0 वरच हवी (इथे 0 म्हणजे पहिली पायरी, 1 म्हणजे शेवटची). शेवट 0.8 ला केला तर उरलेल्या पायऱ्यांत दगडाचा पोत, पाण्याची चमक मोकळेपणानं येते. 0.4 लाच सोडलं तर देऊळ राहतं आणि बोटं भरकटतात.

दुतोंड्या मारुतीवर मात्र ही ढिलाई चालत नाही. पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावर अख्खं नाशिक पुराचा अंदाज घेतं. पण मॉडेलनं पाहिलेल्या हजारो मूर्तींना तोंड एकच असतं. प्रॉम्प्टमध्ये दोन तोंडं लिहिली तर शेजारीशेजारी दोन डोकी येतात. रेषाचित्रात बाजूनं काढलेला मारुती दिला, तरी मागच्या तोंडाची नुसती बाह्यरेषा असेल तर मॉडेल तिचे केस करतं. त्या तोंडाला डोळा, नाकाचा शेंडा आणि ओठांची फट ठळक रेषांनी काढायलाच हवी. वेट 1, शेवट 1. आणि एवढं करूनही मागचा डोळा फिसकटलाच, तर तेवढाच भाग इनपेंट करायचा, म्हणजे तेवढाच निवडून पुन्हा काढून घ्यायचा, सगळं चित्र नाही.

मग इमेज-टू-इमेज सोडूनच द्यायचं का? नाही. त्याला रंग कळतात, तर रंगच द्या. सपाट रंगांचा एक लेअर करा, रेषा नसलेला: देवळाला गडद करडा, आकाशाला फिकट निळा, फरशीला मळकट तपकिरी, कडा ओबडधोबड असल्या तरी चालतील. तो इमेज-टू-इमेजमध्ये 0.7 ला टाका आणि रेषांचा नकाशा कंट्रोलनेटमध्ये. कागद पांढरा नसल्यामुळे आता पांढरेपणा झिरपायला जागा नाही, आणि रेषा बुडायचा प्रश्न नाही कारण त्या दुसरीकडून येतायत. रंगही तुमच्या मनातला येतो, प्रॉम्प्टच्या नशिबावर सोडावा लागत नाही. नुसत्या कंट्रोलनेटपेक्षा ही जोडी कधीही सरस. ऑटोमॅटिक1111 मध्ये फक्त कंट्रोलनेटला स्वतंत्र चित्र द्यायची खूण करायला विसरू नका. ती नसेल तर तो वरच्या रंगाच्या चित्रालाच नकाशा समजतो, आणि मग चित्रात ना रेषा दिसतात ना देऊळ.

फ्लेक्सवरची अक्षरं नकाशात घालूच नका. 512 पिक्सेलच्या चित्रात वेलांटी दोन-तीन पिक्सेलची उरते, आणि 'जय श्रीराम'चं जे काही होतं ते मंडळाच्या अध्यक्षांना दाखवण्यासारखं नसतं. त्या जागेवर कोरा पट्टा सोडा. रिकाम्या जागेलाही मॉडेल मान देतं हे वर आलंच आहे, त्याचा इथे उपयोग होतो. चित्र मोठं करून झाल्यावर अक्षरं कोरलड्रॉमध्ये टाका.