स्टॅटिक ग्रास

स्टॅटिक ग्रास म्हणजे मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर (रूळ, जमीन, झाडं असा मांडलेला छोटा देखावा) लावतात ते बारीक नायलॉन धाग्यांचं उभं गवत. पूर्वी रंगवलेला लाकडाचा भुसा भुरभुरवायचे, त्याने जमीन हिरवी व्हायची पण पातं काही दिसायचं नाही. हे गवत पेरायचं हातातलं यंत्र म्हणजे अ‍ॅप्लिकेटर, त्याच्या जाळीवर काही हजार व्होल्ट असतात (करंट अगदी किरकोळ), दुसरी वायर ओल्या फेविकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला, मग हलवलं की धागे उभेच्या उभे खाली येऊन गोंदात रुततात. मच्छर मारायच्या रॅकेटला चहाची गाळणी जोडून लोक घरीही बनवतात, जमतं, पण झटका बसतो, आणि लेआउटवरची इंजिनं आधी उचलून ठेवायची, त्यांच्यातला डीकोडर (इंजिन चालवणारं छोटं सर्किट) जायचा नाहीतर.

धागे साधारण १ ते १२ मिमी लांबीचे येतात. एचओ म्हणजे १:८७ स्केलला २ मिमीचा धागा १७ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे वाढलेली हराळी, आणि ६ मिमीचा ५२ सेंटिमीटरचा, म्हणजे गुडघ्याएवढी कुसळी. आधी आखूड, त्यावर मधेमधे लांब.

खरी गंमत रंगाची आहे. बाहेरून येणारी पाकिटं युरोपातल्या कुरणांच्या हिशोबाची, एकदम गारेगार हिरवी, आणि खानदेशात तसं गवत दिसतं फक्त श्रावण-भादव्यात. दिवाळीनंतर बांध पिवळे पडतात, एप्रिलपर्यंत पांढुरके, खाली काळ्या जमिनीला भेगा. मी जामनेरच्या लेआउटचा पहिला पॅच नुसता हिरवा केला होता, रेल्वेतून रिटायर झालेले शेजारचे काका बघून म्हणाले, हे जामनेर नाही रे, काश्मीर आहे. तेव्हापासून तीन भाग वाळक्या रंगाचे नि एक भाग मळकट हिरवा, आणि गोंदाखाली काळपट तपकिरी रंग.

पाचोरा-जामनेर ही खानदेशातली जुनी नॅरोगेज करायची असेल तर सोय आहे, तिच्या दोन रुळांतलं ७६२ मिमी अंतर एचओ स्केलला पावणेनऊ मिमी भरतं, म्हणजे एन गेजचे (एचओपेक्षा लहान मॉडेलांचे) ९ मिमीचे रूळ जवळपास बसतात. अशा छोट्या लाईनीवर गवत स्लीपरपर्यंत आलेलं शोभतं, भुसावळच्या मेन लाईनवर मात्र खडी मोकळीच ठेवावी.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी घातलेला फेविकॉल बघता बघता सुकतो, म्हणून वीतभर जागाच घ्यायची, पंखा बंद करून, घामाघूम होत. रुळांवर मास्किंग टेप आधीच लावायची. दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून सुटे धागे ओढून घ्यायचे, ते परत वापरता येतात आणि राहिले तर इंजिनाच्या गिअरमध्ये गुंडाळले जातात, मग चिमट्याने एकेक काढत बसा.