बिकिला आणि मिल्स: दोघंही अचानक जिंकले, पण अचानकपणा एकाच जातीचा नाही

ऑलिम्पिक जवळ आलं की 'कुणाच्या खिजगणतीत नसलेले आणि जिंकून गेलेले धावपटू' अशी एक यादी हमखास फिरायला लागते आणि तिच्यात अबेबे बिकिला (रोम १९६०, मॅरेथॉन) आणि बिली मिल्स (टोकियो १९६४, १०,००० मीटर) हे दोघं ठरल्यासारखे शेजारी शेजारी बसवलेले असतात. दोघंही लांब पल्ल्याचे, दोघांनाही रेसच्या आधी कोणी विचारत नव्हतं, मिल्सला तर फिनिश लाइन ओलांडल्यावर एका जपानी अधिकाऱ्याने 'तू कोण?' असं विचारल्याचं तो स्वतः सांगतो. पण मला ही जोडी खटकते. बिकिला नुसता जगाला अनोळखी होता. मिल्स त्या दिवशी स्वतःच्याच आधीच्या टायमिंगला ओळख न देता धावला. दोन्हीला आपण एकच 'चमत्कार' म्हणून मोकळे होतो.

आधी बिकिला. इथिओपियाच्या सम्राटाच्या शाही रक्षकदलातला शिपाई, कोच स्वीडनचा ओनी निस्कानेन. इथपर्यंत गोष्ट अगदी सिनेमाला साजेशी आहे, त्यात तो अनवाणी धावला म्हणजे मग बघायलाच नको, सगळं लक्ष पायांकडे जातं आणि घड्याळाकडे कोणी बघतच नाही. रोमला जायच्या आधी अदिस अबाबाला ट्रायल (निवडीची रेस) झाली होती, तिथे त्याचं टायमिंग होतं २ तास २१ मिनिटं २३ सेकंद. तोपर्यंतचा ऑलिम्पिक रेकॉर्ड चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकचा, हेलसिंकी १९५२, २:२३:०३. म्हणजे हा बाबा विमानात बसायच्या आधीच ऑलिम्पिक रेकॉर्डपेक्षा फास्ट होता! युरोपात तो आकडा कोणी मनावर घेतला नाही, एवढंच.

आता कोणी म्हणेल की रोममध्ये तो २:१५:१६ धावला, म्हणजे सहा मिनिटांनी सुधारला, मग तीही मोठी उडीच झाली की. शंका बरोबर आहे, पण अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवा विरळ, ऑक्सिजन कमी मिळतो, त्यामुळे लांब पल्ल्याला तिथलं टायमिंग उतरतंच. सहा मिनिटं ४२ किलोमीटरवर पसरली की किलोमीटरमागे जेमतेम नऊ सेकंद होतात, आणि उंचावर राहून तयारी केलेला माणूस खाली येऊन तेवढं कमावतो यात आज कोणाला नवल वाटणार नाही. १९६० मध्ये हे गणित फारसं कोणी मांडत नव्हतं. मोरोक्कोचा राडी बेन अब्देसलाम शेवटपर्यंत चिवटपणे सोबत होता, मग अक्सुमच्या ओबेलिस्कपाशी बिकिलाने वेग वाढवला (हा स्तंभ इटलीने इथिओपियातूनच उचलून आणलेला, त्यामुळे जागा लक्षात राहण्यासारखीच) आणि २५ सेकंदांनी जिंकला. चार वर्षांनी टोकियोत, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन जेमतेम पाच-सहा आठवडे झाले असताना, तो परत जिंकला, या वेळी बूट घालून, २:१२:११ मध्ये.

मिल्सचं प्रकरण वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर जास्त चक्रावणारं आहे. अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या पाइन रिजचा, ओग्लाला लकोटा या मूळ अमेरिकन जमातीतला मुलगा, बारा वर्षांचा असताना आईबाप दोघंही नाहीत, पुढे कॅन्सस विद्यापीठ, मग मरीन्समध्ये. म्हणजे अगदीच आकाशातून पडलेला नव्हता, अमेरिकेच्या ट्रायल्समध्ये दुसरा आला होता, पण तिथे सगळ्या नजरा पहिल्या आलेल्या जेरी लिंडग्रेनवर, आणि जगाच्या नजरा ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कवर, ज्याच्या नावावर २८:१५.६ चा वर्ल्ड रेकॉर्ड होता. मिल्सचं तोवरचं बेस्ट त्यापेक्षा साधारण पाऊण मिनिटाहून जास्त मागे. आणि हे कोणापासून लपलेलं नव्हतं, कागदावर सरळ दिसत होतं. बिकिलाचा कागद कोणी वाचला नव्हता. मिल्सचा वाचला असता तरी काही उपयोग नव्हता.

टोकियोच्या त्या रेसमध्ये क्लार्क मध्ये मध्ये एखादी फेरी जोरात काढून एकेकाला गाळत होता. मागे उरले मिल्स, ट्युनिशियाचा गमूदी आणि थोडा वेळ इथिओपियाचा मामो वोल्डे (हाच पुढे १९६८ ची मॅरेथॉन जिंकला). हीट्स (आधीच्या चाळणीच्या रेस) नव्हत्या, सगळे थेट फायनलला, त्यामुळे शेवटच्या फेरीत ट्रॅकवर एक एक फेरी मागे पडलेल्यांची ही गर्दी. क्लार्क एकाच्या मागे अडकला, वाट काढायला त्याने मिल्सला बाहेर ढकललं, तेवढ्यात गमूदी दोघांच्या मधून घुसून पुढे, मिल्स भेलकांडत बाहेरच्या लेनमध्ये, आणि सगळ्यांना वाटलं संपला. तो शेवटच्या शंभर मीटरमध्ये बाहेरूनच सुटला आणि दोघांनाही मागे टाकलं. २८:२४.४, ऑलिम्पिक रेकॉर्ड. गमूदी २८:२४.८, क्लार्क २८:२५.८. मिल्सने स्वतःचं टायमिंग एका रेसमध्ये ४६ सेकंदांनी कमी केलं, म्हणजे २५ फेऱ्यांमध्ये दर फेरीला जवळपास दोन सेकंद. त्या पातळीला हे होत नाही. उंचीबिंचीचं काही स्पष्टीकरण नाही इथे.

मग लॉटरी लागली का? तर तेही नाही. १९६५ मध्ये सहा मैलांत मिल्स आणि लिंडग्रेन बरोबरीत आले आणि दोघांच्या नावावर २७:११.६ चा वर्ल्ड रेकॉर्ड लागला. ताकद आधीपासून अंगात होती, पण ती दाखवणारी रेस त्याच्या हातून टोकियोपर्यंत झालीच नव्हती. मिल्स सांगतो की त्याने डायरीत २८:२५ हे टार्गेट आधीच लिहून ठेवलं होतं, आता नंतरच्या गोष्टींना थोडं तेज चढतंच पण आकडा भलताच जवळचा आहे.

आपल्याकडचं बघायचं तर आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे, बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ २०२२, तीन हजार मीटर स्टीपलचेज (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची रेस). सिल्व्हर मिळालं, ८:११.२०, केनियाच्या किबिवोटपेक्षा ०.०५ सेकंदाने मागे, आणि १९९८ पासून तिन्ही मेडल केनियाचीच असायची त्यामुळे बाहेरच्यांना धक्का बसला. इथे 'अचानक कुठून आला' म्हणणाऱ्यांनी २०१८ चं भुवनेश्वर आठवावं, तिथे त्याने ८:२९.८० धावून गोपाल सैनीचा १९८१ पासूनचा नॅशनल रेकॉर्ड मोडला आणि मग स्वतःचाच रेकॉर्ड परत परत खाली आणत गेला. साबळे सरळसरळ बिकिलाच्या रांगेतला. मिल्सच्या रांगेत उभं करायला मला आपल्याकडे अजून कोणी सापडलेलं नाही, कोणाला आठवत असेल तर नावासोबत आधीचं बेस्ट टायमिंग पण टाका, नुसतं 'कोणी ओळखत नव्हतं' चालणार नाही.