एमडीमॉन आणि एमडीमॉनिटर: नावातला घोळ आला कुठून

लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड (म्हणजे अनेक डिस्क सॉफ्टवेअरने जोडून एकाच डिस्कसारख्या वापरणं) चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा कधी ना कधी या दोन नावांत गोंधळ उडतो. एमडीमॉन हे एमडीमॉनिटरचंच छोटं नाव असणार असं वाटतं, आणि मग कुणीतरी "मला मेल नकोत" म्हणून भलतीच प्रोसेस मारायला जातो. दोघांची कामं पूर्ण वेगळी आहेत आणि ती वेगळी का झाली ते मागे गेल्याशिवाय कळत नाही.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमधे, रेड चालवणारा एमडी ड्रायव्हर १९९६ च्या २.० पासून आहे. सुरुवातीला ते सांभाळायला रेडटूल्स होती, त्यांचा सगळा भरवसा रेडटॅब नावाच्या फाईलवर, त्यात डिस्कची नावं हाताने लिहायची आणि केबल इकडची तिकडे झाली की फाईल एक सांगतेय आणि मशीनमधे दुसरंच. लक्ष ठेवायचं तर एमडीस्टॅट (जोडलेल्या डिस्कची स्थिती दाखवणारी फाईल) वाचणारी स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी चालावी म्हणून क्रॉनमधे टाकायची.

२००१ मधे नवं टूल आलं, आधी एमडीसीटीएल आणि मग एमडीएडीएम. ते डिस्कवरच्या सुपरब्लॉकमधला (रेडची माहिती असलेल्या भागातला) यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बघून ॲरे (एकत्र बांधलेल्या डिस्कचा संच) जोडतं त्यामुळे डिस्कची नावं सरकली तरी बिघडत नाही. त्याचाच एक मोड म्हणजे मॉनिटर, जो आज एमडीमॉनिटर सर्व्हिस म्हणून चालतो. डीफॉल्टला ६० सेकंदांनी ॲरे तपासायचे, डिस्क फेल झाली किंवा ॲरे डिग्रेड झाला (डिस्क कमी असताना चालू राहिला) की मेल टाकायचा, सांगितलं असेल तर स्क्रिप्ट चालवायची. तो नुसता बघ्या नाही हे बरेच जण विसरतात, दोन ॲरे एकाच स्पेअर-ग्रुपमधे असतील तर एकाची मोकळी डिस्क दुसऱ्याला तोच नेऊन देतो. पण तो बंद पडला तरी ॲरे चालूच राहतो, फक्त तुम्हाला काही कळत नाही (जे माझ्या मते जास्त वाईट, कारण डिग्रेड ॲरे महिनोन्‌महिने तसाच पडून राहू शकतो).

आता एमडीमॉन. एमडीचं स्वतःचं मेटाडेटा (कुठली डिस्क कुठल्या ॲरेची, कुठल्या स्थितीत ही नोंद) कर्नल स्वतःच लिहितो. पण बायोसमधून बनवलेल्या ॲरेंचे फॉरमॅट वेगळे, शिवाय डीडीएफ नावाचं मेटाडेटाचं स्टँडर्ड होतंच. हे सगळे फॉरमॅट कर्नलला शिकवायचे का? ठरलं की नाही, कर्नलने फक्त डेटा हलवायचा, मेटाडेटा यूजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेर सतत मागे चालणारा, डेमन सांभाळेल. २००९ च्या एमडीएडीएम ३.० मधून हा डेमन, म्हणजेच एमडीमॉन, लोकांपर्यंत आला आणि वाद तिथूनच सुरू होतो.

कारण हा डेमन थेट राइटच्या (डिस्कवर लिहिण्याच्या) वाटेत उभा आहे. ॲरे क्लीन (सगळ्या डिस्क एकमेकींशी जुळलेल्या) असताना पहिला राइट आला की कर्नल तो अडवून धरतो, स्थिती राइट-पेंडिंग होते, एमडीमॉन डिस्कवर "आता डर्टी" अशी नोंद करतो आणि कर्नलला ॲक्टिव्ह म्हणून कळवतो, मग राइट पुढे जातो. डिस्क फेल झाली तरी तेच, नोंद होईपर्यंत थांबायचं, नाहीतर मधेच लाईट गेली तर पुढच्या बूटला जुना डेटा असलेली डिस्क धडधाकट समजली जाईल. म्हणजे एमडीमॉन मेला की राइट लटकले. मेमरी कमी पडली, कर्नलला मेमरीतली पानं याच ॲरेवर लिहायचीत आणि एमडीमॉनलाच मेमरी हवीय, झालं, दोघं एकमेकांची वाट बघत बसणार! म्हणून तो स्वतःची मेमरी लॉक करून ठेवतो, आणि आत दोन थ्रेड (समांतर चालणारे भाग), मॉनिटर थ्रेडने नवी मेमरी मागायची नाही, स्पेअर लावण्यासारखी निवांत कामं मॅनेजर थ्रेडकडे.

रूट, म्हणजे मुख्य फाईलसिस्टमच, अशा ॲरेवर असेल तर आणखी मजा. डेमन इनिटरॅमएफएसमधे (बूट होताना मेमरीत असलेल्या तात्पुरत्या फाईलसिस्टममधे) सुरू होतो, मग खऱ्या रूटवर आल्यावर नव्या एमडीमॉनने जुन्याकडून टेकओव्हर घ्यायचं. शटडाऊनला सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) सगळ्या प्रोसेस मारत सुटतो, पण याला मारलं तर रूटवर शेवटचं लिहिणार कोण? तोडगा असा निघाला की रूट यूजरच्या ज्या प्रोसेसच्या नावाचं पहिलं अक्षर ॲटचं चिन्ह आहे तिला हात लावायचा नाही. ऐकायला जुगाड वाटतो, आहेही, पण चालतो.

फॉरमॅट कर्नलबाहेर ठेवायचा निर्णय मला पटतो, फक्त त्याचा त्रास इनिट आणि शटडाऊन सांभाळणाऱ्यांच्या गळ्यात पडला हे कबूल करायला हवं. आणि नाव तरी वेगळं ठेवायचं होतं.

आज एमडीमॉनिटर सगळ्या मशीनला मिळून एकच असतो, एमडीमॉन मात्र प्रत्येक कंटेनरमागे (बाहेरच्या फॉरमॅटचा मेटाडेटा असलेल्या डिस्कच्या गटामागे) एक, आणि तो ॲरे जुळवताना आपोआप सुरू होतो. तुमचे ॲरे एमडीच्याच मेटाडेटाचे असतील तर प्रोसेसच्या यादीत एमडीमॉन दिसणारच नाही, तो शोधत बसू नका.