झुरळाला साखर कडू लागते तेव्हा

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतील सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये आणि सूचनाफलकांवर एका ठरावीक मजकुराची पत्रके दिसू लागतात: ‘हर्बल पेस्ट कंट्रोल. वास नाही. भांडी काढायला नकोत. एक वर्षाची गॅरंटी.’ यातील वास नसणे आणि भांडी काढावी न लागणे या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. ‘हर्बल’ मात्र बहुतेक वेळा खरे नसते. पेस्ट कंट्रोलवाला सिरिंजमधून ट्रॉलीच्या बिजागरांवर आणि ओट्याखालच्या फटींत जेलचे जे बारीक ठिपके देऊन जातो, त्यात सहसा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड यांसारखे कारखान्यात तयार झालेले कीटकनाशक असते. त्यात घाबरण्यासारखे फारसे नाही. फिप्रोनिलच्या जेलमध्ये औषधाचे प्रमाण जेमतेम ०.०५ टक्के असते आणि तेही फटीच्या आत राहते. हरकत एवढीच, की ‘हर्बल’ ऐकून निर्धास्त झालेला ग्राहक औषध कोणते, हा प्रश्नच विचारत नाही.

आधी झुरळ कोणते, ते पाहावे. गटारे तुंबली की मोरीच्या जाळीतून वर येणारे, तीन-चार सेंटिमीटर लांबीचे लालसर झुरळ निराळे. त्याचा बंदोबस्त मुख्यतः नहाणी ट्रॅप, ड्रेनेजची झाकणे आणि डक्ट यांच्या दुरुस्तीने होतो. ट्रॉलीत, फ्रिजच्या रबरात आणि मिक्सरच्या बुडाशी राहणारे, जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीचे, डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेले झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचा उगम सुमारे २१०० वर्षांपूर्वी बंगालच्या उपसागराच्या बाजूला, भारत किंवा म्यानमारमध्ये झाला. जेल मुख्यतः याच्यासाठी असते.

जेल हे विषारी आमिष आहे, आणि त्याची खरी करामत त्याच्या संथपणात आहे. फिप्रोनिल कीटकाच्या मज्जापेशींतील क्लोराइडचे मार्ग अडवते, त्यामुळे उत्तेजित झालेल्या पेशींना शांत करणारी यंत्रणाच बंद पडते आणि कीटक अनावर झटके येऊन मरतो. पण हे घडायला वेळ लागतो आणि तोपर्यंत झुरळ आपल्या फटीत परतलेले असते. तेथे त्याची लहान पिल्ले मोठ्यांच्या विष्ठेवर पोसली जातात आणि मेलेल्या झुरळांनाही बाकीची झुरळे खातात. एका झुरळाने खाल्लेले औषध असे जेलजवळ कधीही न फिरकलेल्या झुरळांपर्यंत पोहोचते. कणकेत साखर आणि बोरिक पावडर मळून कोपऱ्यांत गोळ्या ठेवण्याची जुनी घरगुती रीतही अशाच संथ विषावर चालते. फक्त लहान मुले आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात ती धोक्याची आहे.

या साऱ्याला एकच अट आहे, ती म्हणजे झुरळाने आमिष खाल्ले पाहिजे. येथेच या कीटकाने जो डाव टाकला, तो मला उत्क्रांतीच्या साऱ्या कथांमध्ये सर्वांत विलक्षण वाटतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ज्यूल्स सिल्व्हरमन या कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की तोवर उत्तम चालणारे आमिष काही घरांत निष्प्रभ ठरते आहे. झुरळे विषाला दाद देत नव्हती असे नव्हे. ती आमिषाला तोंडच लावत नव्हती. त्यांना नको होते ते विष नसून त्यात गोडीसाठी घातलेले ग्लुकोज होते. १९९३ साली त्याने दाखवून दिले, की ही नावड शिकलेली नसून पिढीजात आहे आणि ती एकाच जनुकामुळे पुढच्या पिढीत जात असावी.

त्यामागची यंत्रणा उलगडायला आणखी वीस वर्षे गेली. झुरळाच्या मुखांगांवर सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या आत चवीच्या काही चेतापेशी असतात. त्यांतील एक गोड पदार्थांना प्रतिसाद देते आणि दुसरी कॅफिनसारख्या कडू पदार्थांना. २०१३ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील आयाको वाडा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि कोबी शाल यांनी एकेका केसावर विद्युताग्र (इलेक्ट्रोड) टेकवून या पेशींचे संदेश नोंदवले. साध्या झुरळात ग्लुकोजने फक्त ‘गोड’ पेशी चेतवली जाते. ग्लुकोज नाकारणाऱ्या झुरळांत मात्र ग्लुकोज ‘कडू’ पेशीलाही चेतवते, शिवाय ‘गोड’ पेशीचा ग्लुकोजला मिळणारा प्रतिसादही मंदावतो, आणि ही सारी उलथापालथ ग्लुकोजपुरतीच राहते. फळांतील साखर, म्हणजे फ्रुक्टोज, त्याच झुरळाला पूर्वीइतकीच गोड लागते. विष पचवण्याची ताकद न कमावता, केवळ चवीतील एका बदलाने ही झुरळे वाचली.

या बदलाची किंमतही आहे. ग्लुकोज नाकारणाऱ्या पिल्लांची वाढ सावकाश होते, त्यामुळे आमिष नसेल तेथे हा गुण तोट्याचा ठरतो. त्याहून मोठी अडचण मीलनाची. नर पंख उचलून पाठीवरील ग्रंथीतला गोड स्राव मादीपुढे करतो आणि ती तो चाटत असताना समागम साधतो. या स्रावातील माल्टोज आणि माल्टोट्रायोज या शर्करा मादीच्या लाळेने विघटित होऊन त्यांचे ग्लुकोज होते. ग्लुकोज नाकारणाऱ्या मादीला तो नजराणा तोंडातच कडू होतो आणि ती निघून जाते. अशा वाणातील नरांच्या स्रावात आता विघटनाला अधिक वेळ घेणाऱ्या माल्टोट्रायोजचे प्रमाण वाढलेले आढळते, आणि मादी चाटू लागताच ते समागमाची घाईही अधिक करतात.

भिंतीच्या सॉकेटला लावायच्या अल्ट्रासाउंड यंत्रांपुढे हे झुरळ पळून जाईल, अशी आशा बाळगणाऱ्यांना एवढेच सांगता येईल, की २००१ सालीच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने अशी यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना पुराव्याविना दावे करण्याबद्दल इशारा दिला होता. बाजारातील फवारे आणि रेघ ओढायचे खडू यांत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनच्या जातीची औषधे असतात. त्यांना न जुमानणारी जर्मन झुरळे आता जगभर आढळतात, आणि ही औषधे झुरळांना हुसकावतात. त्यामुळे जेल लावलेल्या फटीत फवारा मारणे म्हणजे पैसे देऊन लावून घेतलेले आमिष स्वतःच बेचव करणे होय.

पेस्ट कंट्रोल बोलावताना म्हणून गॅरंटीपेक्षा औषधाचे नाव विचारावे. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना पाहावा, जेलच्या वेष्टनावरचे नाव व प्रमाण बिलावर लिहून घ्यावे, आणि वेष्टनावरील चौकोनी खुणेच्या खालच्या भागाचा रंगही पाहावा: तांबडा अतिशय विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. झुरळे ताजे जेल ओलांडून जाताना दिसली, तर तेच जेल दुप्पट लावून उपयोग नाही. आमिष आणि औषध दोन्ही बदलायला सांगावे. पुढच्या खेपेला मागच्याहून वेगळ्या गटातील औषध मागावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या फेरीची तारीख. जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर पडायच्या वेळेपर्यंत पोटाच्या टोकाशी वागवते आणि त्या तीन-चार आठवड्यांत फारच कमी खाते, त्यामुळे पहिल्या जेलमधून नेमकी तीच वाचण्याचा संभव असतो. अनेक वार्षिक करारांत दुसरी फेरी तीन-चार महिन्यांनी असते, आणि तोवर नवी पिल्ले वाढून स्वतः अंडी धरू लागलेली असतात. करारावर सही करण्यापूर्वी ही फेरी महिन्याच्या आत आणून घ्यावी, त्यासाठी शेवटची फेरी सोडावी लागली तरी चालेल.